रात्रपाळीत एफिशियन्सी घसरली: बीम टेस्टच्या एका शिफ्टचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण युरोपातल्या एका अ‍ॅक्सिलरेटर लॅबमधलं आहे. लॅबचं आणि माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, वेळा आणि आकडेही थोडे गोल केलेत, पण घटनांचा क्रम जसाच्या तसा आहे. मी त्या ग्रुपमधे होतो, ती रात्रपाळी माझी नव्हती, सकाळी सातला शिफ्ट घ्यायला मी गेलो आणि नंतर ईलॉग (शिफ्टची ऑनलाइन वही), स्लो कंट्रोलचा (व्होल्टेज, दाब, तापमान सांभाळणाऱ्या यंत्रणेचा) डेटा आणि दोघा शिफ्टर्सशी बोलून हे सगळं जुळवलं. पहिल्यांदा बीम टेस्टला, म्हणजे डिटेक्टर कणांच्या झोतात तपासायला, जाणाऱ्या आपल्याकडच्या पीएचडीच्या मुलामुलींनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, कारण शिफ्टचं ट्रेनिंग म्हणजे बहुतेक वेळा कुठलं बटण कुठे आहे एवढंच सांगतात, आणि रात्री तीन वाजता लागतं ते वेगळंच काहीतरी.

आधी सेटअप. जिनिव्हाजवळच्या सर्न लॅबच्या नॉर्थ एरियात एसपीएस या अ‍ॅक्सिलरेटरचे ४०० जीईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन टार्गेटवर आपटवतात आणि त्यातून निघालेले कण एच-२, एच-४, एच-६, एच-८ अशा लाइनमधून वेगवेगळ्या ग्रुपना मिळतात. आमची लाइन त्याच धाटणीची होती. बीम सलग येत नाही, काही सेकंदांचा स्पिल येतो, मग गॅप, मग पुन्हा स्पिल. आमच्या वरच्या बाजूला, म्हणजे बीम आधी जिथे पोचतो तिथे, दुसरा एक ग्रुप होता आणि त्यांच्यानंतर लोखंडाचा जाड शोषक पार करून जे म्युऑन (इलेक्ट्रॉनसारखेच पण जड कण) उरत ते आमच्यापर्यंत येत. म्हणजे आम्ही म्हटलं तर पाहुणेच, मुख्य युजर ते, आणि बीमची इंटेन्सिटी त्यांच्या सोयीनं ठरणार.

तपासत होतो ते आरपीसी डिटेक्टर, रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर. सँटोनिको आणि कार्डारेली या दोघांनी १९८१ साली काढलेली ही कल्पना आजही म्युऑन ओळखायला जगभर वापरतात, सर्नच्या सीएमएस प्रयोगाच्या एंडकॅपमधले (टोकाच्या भागातले) काही आरपीसी तर बीएआरसी आणि पंजाब युनिव्हर्सिटीत जुळवून पाठवलेले आहेत. बॅकेलाइटच्या दोन प्लेटा, मधे दोन मिलिमीटरची गॅप, त्यात गॅस आणि त्यावर दहा हजार व्होल्टच्या आसपास व्होल्टेज. म्युऑन गेला की गॅसमधे इलेक्ट्रॉनची अ‍ॅव्हलांच होते, म्हणजे एकातून अनेक असा लोंढा, आणि पट्ट्यांवर सिग्नल येतो. नेहमीचा गॅस म्हणजे ९५ टक्क्यांहून जास्त आर-१३४ए, साडेचार टक्के आयसोब्युटेन आणि अगदी थोडा, ०.३ टक्के एसएफ-६. हा आर-१३४ए वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या १४०० पटींहून जास्त प्रभावी, म्हणून युरोपात त्याच्यावर निर्बंध आलेत आणि सगळेजण पर्याय शोधतायत. आम्हीही तेच करत होतो: एक टेस्ट चेंबर एचएफओ (वातावरण फार कमी तापवणारा पर्यायी गॅस) आणि कार्बन डायऑक्साइडच्या नव्या मिश्रणावर, आणि शेजारी एक रेफरन्स चेंबर जुन्या गॅसवर. दोघांच्या गॅस लाइन वेगळ्या, मिक्सर वेगळे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो कारण सगळं प्रकरण तिच्यावर उभं आहे. आरपीसीची एफिशियन्सी, म्हणजे गेलेल्या दर शंभर म्युऑनपैकी किती टिपले ते, व्होल्टेज वाढवत गेलं की आधी झपकन वर चढते आणि मग सपाट होते. रेफरन्स चेंबर सपाट भागात आरामात बसलेलं होतं. टेस्ट चेंबर त्या रात्री मुद्दाम वळणावर ठेवलेलं होतं, कारण नव्या गॅसमधे करंट जास्त येतो आणि कमीत कमी किती व्होल्टेजवर काम भागतं ते बघायचं होतं. वळणावर बसलेलं चेंबर शे-दीडशे व्होल्टनंही हलतं. आणि गॅपमधल्या गॅसला खरं किती व्होल्टेज 'जाणवतं' ते हवेच्या दाबावर आणि तापमानावर अवलंबून असतं: दाब वाढला की गॅस दाट होतो, इलेक्ट्रॉनला दोन टकरींच्या मधे वेग घ्यायला जागा कमी मिळते, गेन (सिग्नलची वाढ) पडतो. म्हणून स्लो कंट्रोलमधे एक स्क्रिप्ट असते, दर काही मिनिटांनी दाब आणि तापमान वाचते आणि व्होल्टेज तेवढं वरखाली करते. मोठ्या प्रयोगांतही हेच चालतं, कुणी पूर्ण दाबाचा हिशोब धरतं, कुणी ०.८ चा गुणक लावतं, तपशील वेगळे.

शिफ्ट तीन: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. प्रत्येकीत दोघं हवेतच, एकट्यानं बसायचं नाही असा नियम. त्या रात्री शिफ्ट लीडर होता दुसऱ्या देशातला एक पोस्टडॉक, हुशार आणि डीएक्यूमधे (डेटा गोळा करण्याच्या यंत्रणेत) पक्का पण आरपीसीवर नवीन, आणि शिफ्टर होता भारतातल्या एका संस्थेचा पीएचडीवाला, मराठी मुलगा, त्याची पहिलीच बीम टेस्ट. ऑन-कॉल होत्या आमच्या ग्रुपच्या सीनियर, सगळे मराठी लोक त्यांना ताईच म्हणतात.

अडचण काय झाली

संध्याकाळी सातच्या सुमाराला स्लो कंट्रोलचा पीसी अपडेटमुळे रीबूट करावा लागला. दुपारच्या शिफ्टनं सगळं परत चालू केलं, ईलॉगमधे लिहिलं 'पीसी रीबूट, सर्व ठीक', आणि खरंच स्क्रीनवर सगळं हिरवं होतं. फक्त दाबाच्या सेन्सरचा जो छोटा सर्व्हर प्रोग्राम होता तो रीबूटनंतर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत नव्हता. तो उठलाच नाही. डेटाबेसमधे शेवटचं रीडिंग होतं ९६१ मिलिबार, स्क्रीन तेच दाखवत राहिली, स्क्रिप्टही तेच वाचत राहिली. रीडिंग 'रेंजमधे' असल्यामुळे खूण हिरवी. आणि नेमकं त्याच संध्याकाळी थंड हवेचा पट्टा पुढे सरकला आणि बाहेरचा दाब चढायला लागला.

अकरा वाजता हँडओव्हर झाला तेव्हा टेस्ट चेंबर ९३ वरून साडेएक्क्याण्णवपर्यंत आलेलं होतं. दोघांनीही बघितलं आणि फ्लक्चुएशन समजून सोडून दिलं. हे अगदीच चुकीचं नव्हतं, हजार ट्रिगरवर (कण गेल्याच्या हजार नोंदींवर) मोजलेल्या नव्वद टक्क्यांत एक टक्क्याची अनिश्चितता असतेच, पण त्यांच्या प्लॉटमधे प्रत्येक ठिपक्याला त्याच्या कितीतरी पट ट्रिगर होते आणि त्या प्लॉटवर एरर बारच काढलेले नव्हते, त्यामुळे डोळ्यांना कळायला मार्ग नव्हता.

पाऊण वाजता वरच्या ग्रुपनं आपला रन बदलला, कॉलिमेटर (बीमची वाट रुंद-अरुंद करणारे अडसर) उघडले, आणि आमचा ट्रिगर रेट दीडपट झाला. दीड वाजता टेस्ट चेंबर नव्वदच्या खाली. तीनच्या सुमाराला ८६, अलार्म वाजला (अलार्म ८८ ला लावलेला होता). रेफरन्स चेंबर ९७ वरून ९५ ला आलेलं, पण त्याचा अलार्म ९० ला होता म्हणून तो गप्प.

समोर कोणते पर्याय होते

इथे मला थोडं थांबायचंय, कारण बाहेरून वाचताना उत्तर आधीच माहीत असतं आणि मग सगळं सोपं वाटतं. त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांच्यासमोर जे होतं ते असं: नवा गॅस, ज्यावर कुणाचाच पूर्ण भरवसा नाही, एफिशियन्सी खाली, रेट वर, बाकी सगळं हिरवं.

पहिला संशय अर्थातच रेटवर. बॅकेलाइटमधून चार्ज हळू वाहतो, कण जास्त आले की प्लेटांवरच व्होल्टेज पडतं आणि गॅपला कमी मिळतं, हे पुस्तकात लिहिलेलंच आहे. वेळही जुळत होती, पाऊण वाजता रेट वाढला आणि दीडला घसरण दिसली. म्हणून सव्वादोनला त्यांनी वरच्या ग्रुपला फोन करून कॉलिमेटर अर्धा तास पूर्वीसारखा ठेवायची विनंती केली. त्यांनी मान्य केली. चांगला प्रयोग होता, मी तर म्हणेन त्या रात्रीची सगळ्यात शहाणी पायरी, कारण एकच गोष्ट बदलली आणि उत्तर स्पष्ट आलं: रेट खाली आला, एफिशियन्सी तशीच उतरत राहिली. म्हणजे रेटवरचा संशय मिटला. अर्धा तास गेला पण त्या बदल्यात एक दरवाजा कायमचा बंद झाला.

दुसरा संशय गॅसवर. मिक्सरमधे कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण सरकलं असेल, बाटली संपत आली असेल, बबलर (गॅस वाहतोय हे बुडबुड्यांनी दाखवणारं भांडं) अडकला असेल. बाटल्या बाहेर असतात, त्या बघता आल्या, ठीक होत्या. पण चेंबरजवळचे बबलर बघायचे तर बीम एरियात जायला लागतं, म्हणजे अ‍ॅक्सेस मागायचा, बीम बंद, किल्ल्या, रेडिएशनचं मोजमाप, बाहेर आल्यावर पुन्हा शोध घेऊन दार लावणं. पाऊण तास सहज, आणि तो फक्त आपला नाही, वरच्या ग्रुपचाही. लीडरचा कल अ‍ॅक्सेसकडे होता.

तिसरा पर्याय सगळ्यात मोहाचा: व्होल्टेज शंभरनं वाढवायचं. कळफलकावर दोन मिनिटांचं काम आणि प्लॉट परत ९३ वर आला असता. लीडरनं तेही बोलून दाखवलं.

चौथा, काहीच न करता नोंद करून सकाळची वाट बघायची. हा पर्याय वाटतो तितका वाईट नसतो, डिटेक्टरला धोका नसेल तर रात्री काही न करणं पुष्कळदा बरोबर असतं, पण इथे घसरण थांबत नव्हती आणि त्या व्होल्टेजचा रन सकाळपर्यंत संपवायचा होता.

पाचवा, ऑन-कॉलला उठवायचं. पीएचडीवाला हे एक वाजल्यापासून म्हणत होता आणि हळू आवाजात म्हणत होता. पहिलीच टेस्ट, समोर सीनियर माणूस, परकी भाषा, आणि आपल्याकडची ती सवय की मोठ्या माणसाला मध्यरात्री कशाला त्रास द्यायचा. शेवटी सव्वातीनला त्यानं फोन लावला.

काय केलं

फोनवरचं बोलणं त्यानं मला नंतर सांगितलं, ताईंनीही दुजोरा दिला.

"ताई, सॉरी, झोपमोड केली. टेस्ट चेंबर श्याऐंशीच्या खाली आलंय आणि उतरतंच आहे."

"सॉरी कशाला, ऑन-कॉल असल्यावर उठायचंच असतं. व्होल्टेजला हात लावलात का?"

"अजून नाही. हा म्हणतोय शंभर वाढवू या."

"नको. आधी मला सांग, रेफरन्स कसं आहे?"

"ते ठीक आहे, पंच्याण्णव."

"संध्याकाळी किती होतं?"

तो थांबला, मागचा प्लॉट उघडला. "सत्त्याण्णव."

"मग ते ठीक नाहीये. दोघांचे करंट बघ, वर गेलेत की खाली?"

"खाली. दोघांचेही थोडे खाली."

इथून पुढचा तर्क असा गेला, आणि तो एकदा समजून घेण्यासारखा आहे. एफिशियन्सी खाली आणि करंटही खाली, म्हणजे गॅपला व्होल्टेज कमी पडतंय. गॅसचं मिश्रण बिघडलं तरी असंच दिसू शकतं, पण दोन चेंबरचे गॅस वेगळे, मिक्सर वेगळे, दोन्ही एकाच रात्री एकाच दिशेनं बिघडतील हे अवघड. दोघांत सामायिक काय? ट्रिगर सामायिक आहे, पण ट्रिगरच्या सिंटिलेटरचा (कण गेल्याची खूण देणाऱ्या वेगळ्या डिटेक्टरचा) चेंबरच्या करंटशी संबंध नाही. हाय व्होल्टेज पुरवणारा मेनफ्रेम सामायिक, पण तो दाखवत होता तेवढंच व्होल्टेज देत होता. उरला हॉलमधला दाब आणि तापमान. आणि टेस्ट चेंबर जास्त का पडलं तर ते वळणावर बसलंय, रेफरन्स सपाट भागात, एकाच धक्क्याला दोघांचा प्रतिसाद वेगळा.

मग ताईंनी तीन आकडे वाचायला लावले, दाब, तापमान आणि व्होल्टेजचा सेट पॉइंट, आत्ताचे आणि आठ तासांपूर्वीचे. व्होल्टेज काही व्होल्टनी बदललेलं होतं. तापमान अर्ध्या अंशानं उतरलेलं. दाब: ९६१, आणि आठ तासांपूर्वीही ९६१, दशांशानंतरचे दोन्ही आकडे सुद्धा तेच. हवेचा दाब आठ तास दुसऱ्या दशांशापर्यंत स्थिर राहत नाही, कधीच नाही.

दोघं शिफ्टर कशानं फसले तेही इथेच कळतं. त्यांनी एक वाजता तपासलं होतं की करेक्शन चालू आहे का, आणि व्होल्टेज थोडंथोडं हलताना दिसलं म्हणून चालू आहे असं धरलं. ते हलत होतं तापमानामुळे. तापमानाचा सर्व्हर वेगळा होता आणि तो जिवंत होता. म्हणजे स्क्रिप्ट जिवंत, तिचा एक डोळा जिवंत, दुसरा मिटलेला, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही उघडे दिसत होते.

पडताळणीसाठी मुलानं जवळच्या विमानतळाचं मेटार, म्हणजे हवामानाचा नियमित रिपोर्ट, उघडलं. इथे एक सावधगिरी लागते: विमानतळ जो दाब देतो तो समुद्रसपाटीवर आणलेला असतो, आपल्या हॉलमधला नाही. पुणे ५६० मीटरवर आहे, तिथे खरा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो आणि हवामानाच्या बातमीत हजारच्या वरचा आकडा येतो, तसंच. म्हणून आकडा न घेता फरक घ्यायचा. फरक आला: संध्याकाळी सातपासून साधारण १२ मिलिबार वर. साडेनऊशे-हजाराच्या घरात १२ म्हणजे सव्वा टक्का, आणि दहा हजार व्होल्टवर सव्वा टक्का म्हणजे सव्वाशे व्होल्ट. शंभर व्होल्ट वाढवू या म्हणणाऱ्या लीडरचा अंदाज आकड्यानं जवळपास बरोबर होता.

मग तो का करायचा नव्हता? कारण समजा त्यांनी स्क्रिप्टच्या कॉन्फिगमधे शंभर व्होल्ट वाढवले असते, प्लॉट सुधारला असता, सगळे खूश, आणि सकाळी कुणीतरी दाबाचा सर्व्हर बंद दिसला म्हणून सहज चालू केला असता. स्क्रिप्टनं खरा दाब वाचून आपले सव्वाशे व्होल्ट वर टाकले असते. सव्वादोनशे व्होल्ट जास्त, तेही एका दमात, तेही एचएफओवर. हा गॅस डिस्चार्जमधे तुटतो आणि त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं, जे बॅकेलाइटच्या आतल्या पृष्ठभागाला खातं. ट्रिप होऊन व्होल्टेज आपोआप बंद झालं असतं तर नशीब, नाहीतर करंट तासन्‌तास वर राहिला असता आणि ज्या चेंबरवर आमचा महिन्यांचा अभ्यास उभा होता तेच खराब झालं असतं.

सर्व्हर लगेच चालू करायलाही ताईंनी थांबवलं. आधी चालू रन बंद केला, ईलॉगमधे वेळ लिहिली. मग ऑटो करेक्शन बंद. मग दाबाचा सर्व्हर चालू, रीडिंग आलं ९७३, मेटारच्या फरकाशी जुळलं. मग शेजारच्या ग्रुपचा बॅरोमीटर त्याच हॉलमधे होता, त्यांच्या शिफ्टरला विचारून तोही बघितला, जुळला. तेव्हा कुठे व्होल्टेज हातानं वर, तीस व्होल्टच्या पायऱ्यांनी, दोन स्पिलच्या मधल्या गॅपमधे, प्रत्येक पायरीला करंट स्थिर होईपर्यंत थांबून. शेवटी स्क्रिप्ट परत चालू केली तेव्हा तिनं जेमतेम एक-दोन व्होल्ट हलवले, म्हणजे हिशोब बरोबर होता. अ‍ॅक्सेस लागलाच नाही.

निकाल

पाचच्या आत टेस्ट चेंबर ९३ ला, रेफरन्स ९७ ला. नवीन रन सुरू झाला आणि सकाळी मी पोचलो तेव्हा दोघांचे डोळे लाल पण प्लॉट सरळ होता.

त्या रात्रीचा डेटा फुकट गेला नाही हे सांगायला मला खूप आवडतं. शेजारच्या ग्रुपनं त्यांच्या बॅरोमीटरची पूर्ण रात्रीची फाइल दिली, त्यावरून प्रत्येक दहा मिनिटांचं खरं इफेक्टिव्ह व्होल्टेज काढता आलं, आणि जो रन एका व्होल्टेजवर व्हायचा होता तो वळणाच्या खालच्या बाजूचे एकामागून एक पॉइंट देऊन गेला. नव्या गॅसची चढण किती तीव्र आहे ते त्या पॉइंटमधून इतकं छान दिसलं की आम्ही तो स्कॅन पुन्हा घेतलाच नाही. मात्र ज्या एका पॉइंटवर भरपूर आकडेवारी हवी होती तिथे ती अपुरी पडली, आणि बीम टाइम संपल्यावर ती भरून काढायला मार्ग नसतो, पुढच्या वाटपापर्यंत थांबावं लागतं.

एक गोष्ट जवळजवळ घडली होती तीही लिहितो. दीडच्या आसपास ईलॉगमधे लीडरनं मसुदा करून ठेवला होता की नवं मिश्रण जास्त रेटला टिकत नाही. तो पाठवला गेला असता आणि सकाळच्या मीटिंगमधे कुणी वाचला असता तर एका चांगल्या गॅसवर विनाकारण शिक्का बसला असता, आणि असे शिक्के पुसायला वर्षं लागतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी हँडओव्हर. 'पीसी रीबूट, सर्व ठीक' या वाक्यात खोटं काही नाही, पण 'सर्व' म्हणजे काय काय बघितलं हे त्यात नाही. आता आमच्या यादीत रीबूटनंतर प्रत्येक सेन्सरचं रीडिंग दोनदा, पाच मिनिटांच्या अंतरानं लिहायचं असतं, आणि दोन्ही तंतोतंत सारखे आले तर तो प्रॉब्लेम धरायचा. हा नियम पीएचडीवाल्यानंच सुचवला.

अलार्मचं दुसरं. आमचे सगळे अलार्म आकडा रेंजबाहेर गेला की वाजणारे होते, आकडा शिळा झाला तर वाजणारा एकही नव्हता. आता प्रत्येक रीडिंगसोबत त्याची वेळ तपासली जाते, दहा मिनिटांपेक्षा जुनं असेल तर खूण राखाडी होते आणि स्क्रिप्ट करेक्शन थांबवून ओरडते. थांबवणं बरोबर की शेवटच्या आकड्यावर चालू ठेवणं बरोबर यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. माझं मत थांबवण्याच्या बाजूनं, कारण थांबलेलं दिसतं.

रेफरन्स चेंबरबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतं. शेजारी रेफरन्स ठेवतो ते याच दिवसासाठी, आणि त्या रात्री ते सातपासून सांगत होतं, पण त्याचा अलार्म इतका सैल होता की कुणी तिकडे बघितलंच नाही. ९७ चं ९५ होणं हे ९३ चं ८६ होण्याइतकंच महत्त्वाचं होतं, उलट जास्तच. आता डीक्यूएममधे (डेटाचा दर्जा दाखवणाऱ्या स्क्रीनवर) दोन्ही चेंबर एकाच प्लॉटवर असतात, एरर बारसकट, आणि अलार्म आदल्या शिफ्टच्या सरासरीपासून किती सरकलं यावर लावलेला असतो.

आणि फोन. एकला फोन केला असता तर सव्वादोन तास वाचले असते का? कदाचित, पण एकला घसरण इतकी स्पष्टही नव्हती. दीडला मात्र नक्की करायला हवा होता. लीडरला यासाठी दोष द्यावासा मला वाटत नाही, तो स्वतः सोडवायचा प्रामाणिक प्रयत्न करत होता आणि कॉलिमेटरचा प्रयोग त्याचाच. पण दोघांपैकी कुणालाही शंका आली तर दुसऱ्याची परवानगी न घेता ऑन-कॉलला फोन करता येतो, हे शिफ्ट सुरू होताना मोठ्यानं सांगितलेलं नव्हतं. आता ते पहिल्याच दिवशी सांगतो, फोन नंबर स्क्रीनच्या कडेला चिकटवलेला असतो, आणि ताईंनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलंय की व्होल्टेज बदलायच्या आधी फोन, कितीही वाजलेले असोत.

एक मुद्दा अजून सुटलेला नाही. ताईंचं म्हणणं, टेस्टच्या वेळी ऑटो करेक्शन असूच नये, व्होल्टेज एक ठेवावं, दाब नोंदवावा आणि इफेक्टिव्ह व्होल्टेज नंतर हिशोबात काढावं, म्हणजे मधे कुठली स्क्रिप्टच नको. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मोठ्या प्रयोगाला हे परवडत नाही, तिथे चेंबर सतत योग्य जागी हवं, पण आठवडाभराच्या टेस्टला परवडतं. लीडरचं म्हणणं, वळणावर बसलेल्या चेंबरला करेक्शनशिवाय ठेवलं तर प्रत्येक थंड पट्ट्याला रन वाया. पुढच्या टेस्टला आम्ही दोन एकसारखी चेंबरं लावणार आहोत, एक करेक्शनसह आणि एक शिवाय, दोन्ही त्याच गॅसवर.